मधुमालती, बोगनवेल, मोगरा: जर्सीच्या थंडीत कसे टिकवायचे

तुम्ही अमेरिकेत न्यू जर्सीच्या मध्य भागात, म्हणजे सेंट्रल जर्सीत आहात, कुंडीतली मधुमालती, बोगनवेल आणि मोगरा गेल्या हिवाळ्यात लिव्हिंग रूममध्ये ठेवले होते आणि फेब्रुवारीपर्यंत नुसत्या काड्या उरल्या, यंदा काय करू असं विचारलंय. मीही इकडेच, झोन ७ मध्ये (हिवाळ्यातल्या थंडीनुसार केलेल्या अमेरिकन विभागणीतला एक विभाग) आहे, त्यामुळे इथल्याच हिशोबाने सांगते.

घात लिव्हिंग रूमनेच केलाय. हीटर चालू असल्यामुळे झाडाला वाटतं उन्हाळा आहे, पण डिसेंबरात इथे दिवस जेमतेम सव्वानऊ तासांचा, त्यात खिडकीतून तिरकं ऊन, मग ते पिवळट लांबच लांब फुटवे काढतं, साठवलेलं सगळं खर्चून बसतं आणि वर आपण मायेने रोज पाणी घालतो. म्हणून प्रत्येक वेलीचं आधीच ठरवायचं, झोपवायची (म्हणजे थंडीत वाढ थांबवून विश्रांती द्यायची) की जागी, वाढती ठेवायची. उबदार आणि अंधारी जागा कुणालाच चालत नाही.

बोगनवेल आणि मधुमालती सरळ झोपवा. घराला लागून गॅरेज असेल आणि तिथे ४० ते ५० फॅरनहाइट राहत असेल तर उत्तम, अंधार असला तरी चालतो. पहिलं फ्रॉस्ट पडायच्या आत उचला, लांब फांद्या निम्म्याने छाटा, कुंडी थेट काँक्रीटवर न ठेवता लाकडी फळीवर ठेवा. पानं सगळी गळतील, गळू देत. पाणी मात्र हात आखडता घेऊन, तीन-चार आठवड्यांनी कपभर, मुळं ठणठणीत वाळू नयेत एवढंच. बोगनवेलीची तर अजिबात दया करू नका, भारतात हायवेच्या दुभाजकावर भर एप्रिलमध्ये कोण पाणी घालतं तिला? तरी रंगाने नुसती पेटलेली असते. मेली की काय अशी शंका आली तर नखाने साल जराशी खरवडून बघा, खाली हिरवं दिसलं की जिवंत. मधुमालती वसंतात फार उशिरा फुटते, मे उजाडला तरी काडीच दिसेल, तेवढ्यात फेकून देऊ नका.

मोगरा झोपवायचा नाही, तो सदाहरित. रात्री पारा ५० च्या खाली जायला लागला की आत घ्या, दक्षिणेच्या खिडकीत, शक्यतो कमी तापवलेल्या खोलीत, ६० च्या आसपास. हीटरच्या व्हेंटपासून लांब. वरची माती सुकली की पाणी, नाहीतर नाही. ऊन कमी पडत असेल तर साधा एलईडी ग्रो लाइट बारा-चौदा तास लावा. खरा त्रास लाल कोळी (स्पायडर माइट) या बारीक किडीचा, कोरड्या हवेत तो भसाभसा वाढतो, पानावर बारीक फिकट ठिपके आणि मागे जाळी दिसली की तोच. कुंडी शॉवरखाली नेऊन पानांच्या मागच्या बाजूने कोमट पाण्याचा फवारा मारा, आठवड्याला एकदा, कंटाळा न करता. पिठ्या ढेकूण (मिलीबग) दिसला तर इअरबड रबिंग अल्कोहोलमध्ये बुडवून पुसून काढा.

बाहेर काढायची घाई एप्रिलमध्ये सगळ्यांनाच होते, दोन दिवस ७० झाले की हात शिवशिवतात 😄 पण रात्री सलग ५० च्या वर राहायला लागल्यावरच काढा. आधी आठ-दहा दिवस सावलीत, मग सकाळचं ऊन, मग पूर्ण, नाहीतर आतली कोवळी पानं एका दुपारीत करपून पांढरी पडतात. खत नवी पालवी दिसल्यावरच, आणि बोगनवेलीला नायट्रोजन जास्त झाला तर पानंच पानं येतात.

कृष्णकमळ हवं असेल तर मेपॉप म्हणजे पॅशिफ्लोरा इन्कार्नाटा घ्या, ती अमेरिकेचीच, जमिनीत लावली की थंडीत वरून मरते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी मुळातून फुटते. फक्त ती लॉनमध्येही डोकं वर काढते, तेव्हा जागा बघून लावा. गोकर्ण आणि गणेशवेलीसाठी मात्र ही कसरत नकोच, शेंगा-बोंडं वाळली की बी धरून ठेवा, गोकर्णाचं बी रात्रभर भिजवून एप्रिलमध्ये आत रुजवा, जुलै-ऑगस्टपर्यंत फुलं मिळतात.