आकाशातून काढलेल्या फोटोवरून पार्किंगचा वापर कळतो का?

तुमचा प्रश्न असा : बाजारपेठेत नवं बहुमजली पार्किंग बांधायचं घाटतंय, पण आहे तेच अर्धं रिकामं असतं असं तुम्हाला वाटतं. हे गूगलच्या किंवा ड्रोनच्या फोटोंवरून दाखवता येईल का?

येईल, पण गूगलवर भिस्त ठेवू नका. मी वाहतूक सर्वेक्षणाचं काम करतो आणि लोक नेमके इथेच फसताना पाहिलेत. इतके बारीक फोटो काढणारे बरेचसे उपग्रह आपल्या डोक्यावरून सकाळी साडेदहाच्या सुमारास जातात. तेव्हा दुकानांची शटरं नुकती वर जात असतात. तो फोटो सभेत दाखवलात, तर कुणीतरी म्हणेल, "संध्याकाळी सातला येऊन बघा," आणि त्याचं म्हणणं बरोबर असेल.

दुसरी अडचण दुचाकींची. उपग्रहाच्या उत्तम फोटोतही एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे साधारण ३० सेंटिमीटर. चार मीटरची कार तेरा ठिपक्यांची, ती ओळखू येते. स्कूटर लांबीला सहा आणि रुंदीला दोनच ठिपके. हँडलला हँडल लावून उभी केलेली रांग नुसता करडा पट्टा दिसते.

अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी इंडियानातल्या टिपेकनू काउंटीत असा अभ्यास केला, तेव्हा पार्किंगच्या जागा तिथल्या वाहनचालकांच्या तिप्पट निघाल्या. पुढे चार राज्यांचे हवाई फोटो तपासले, तर पार्किंगखाली १,२६० चौरस किलोमीटर जमीन भरली, म्हणजे बृहन्मुंबईच्या दुपटीहून जास्त! पण ती मोजणी जागेची होती. जागा एका फोटोत मोजता येते, वापरासाठी तोच तुकडा पुन्हा पुन्हा बघावा लागतो.

म्हणून ड्रोन बरा. शंभर मीटरवरून ठिपका तीन-चार सेंटिमीटरचा होतो. एक साधा दिवस, एक रविवार आणि आठवडी बाजाराचा दिवस घ्या, दर तासाला एक फोटो. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या क्षेत्रात, म्हणजे सरकारी नकाशावर उड्डाणाला मोकळ्या दाखवलेल्या भागात, १२० मीटरपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही, तरी आधी तो नकाशा तपासा.

फोटो हाती आले तरी खाली उतरून फिराच. एकदा मी गुलमोहराखालच्या चार जागा रिकाम्या धरल्या होत्या. जाऊन पाहिलं तर तिथे स्कूटरी आणि उसाच्या रसाची गाडी.

आणि दहाच्या व चारच्या फोटोत तीच पांढरी कार आहे की दुसरी, हे वरून कळत नाही. त्यासाठी वही घेऊन दर अर्ध्या तासाला नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे टिपा. माझ्या अनुभवात दारासमोरच्या मोक्याच्या जागा बहुतेक वेळा दुकानदारांच्याच गाड्यांनी सकाळपासून अडवलेल्या असतात. तुमच्याकडेही तसंच निघालं, तर नव्या इमारतीआधी तासावर दर लावायची मागणी करा. पार्किंगचे अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी हेच मांडलं होतं : दर असा ठेवा की साधारण ८५ टक्के जागा भरलेल्या राहतील.

अंधार पडल्यावर शेजारच्या गच्चीवरून मोबाइलने काढलेला फोटोही चालतो. मी कित्येकदा तेच केलंय.