पर्यटन – वाचकांचे प्रश्न : उझबेकिस्तानची जुनी शहरे आणि डोंगर

दिवाळीच्या सुट्टीचे बेत आखण्याचे दिवस असल्यामुळे या वेळी आलेल्या पत्रांत परदेश प्रवासाचीच चौकशी अधिक आहे, आणि त्यातही उझबेकिस्तानविषयीची पत्रे लक्षणीय आहेत. म्हणून हे संपूर्ण सदर त्याच देशासाठी दिले आहे. पत्रे मोठी असल्याने त्यांचा केवळ आशय येथे घेतला आहे.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी, दोन शाळकरी मुले आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई असे पाच जण आठ रात्रींसाठी जाणार आहोत. एका सहल कंपनीने ताश्कंद, खिवा, बुखारा, समरकंद, शहरिसब्झ आणि चिमगानचे डोंगर असा कार्यक्रम दिला आहे. एवढे सगळे आठ रात्रींत नीट होईल का? काही गाळायचे असल्यास काय गाळावे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : कागदावर हा कार्यक्रम बसतो, पण माझे स्पष्ट मत असे आहे की आपण खिवा गाळावे. खिवा सुंदर नाही म्हणून नव्हे. इचान काला हा तेथील तटबंदीच्या आतला जुना भाग १९९० साली जागतिक वारसा यादीत गेला, आणि या देशातून त्या यादीत गेलेले ते पहिले ठिकाण होते. अडचण अंतराची आहे. खिवा आणि बुखारा यांच्यामध्ये किझिलकुमचे वाळवंट पसरले आहे, आणि मोटारीने जायचे तर जवळजवळ अख्खा दिवस रस्त्यावरच जातो. विमानाने उर्गेंचला उतरून पुढे खिव्याला जाता येते, पण विमानतळावरचा वेळ धरला तर तेवढ्यानेही फारसा लाभ होत नाही. सासूबाई बरोबर असताना आणि मुलांना एका जागी थोडे रुळू द्यायचे असताना एक शहर कमी करून दुसऱ्या शहरात एक मुक्काम वाढवणे केव्हाही चांगले.

क्रम असा ठेवावा : पहिली रात्र ताश्कंद, मग थेट सर्वांत दूरचे बुखारा आणि तेथे दोन रात्री, परतीच्या वाटेवर समरकंद येथे तीन रात्री, नंतर ताश्कंदजवळच्या डोंगरात एक रात्र आणि शेवटची रात्र पुन्हा ताश्कंद. लांबचा टप्पा आधी उरकल्यामुळे परतीच्या विमानाची धास्ती शेवटच्या दिवसांत राहत नाही.

या साऱ्या बेताचा कणा म्हणजे अफ्रोसियोब ही वेगवान रेल्वे. ताश्कंद ते समरकंद हे अंतर ती सव्वादोन तासांच्या आसपास कापते आणि तीच गाडी पुढे बुखाऱ्यापर्यंत जाते. हंगामात तिची तिकिटे लवकर संपतात, म्हणून विमानाचे तिकीट पक्के झाले की हॉटेलांच्या आधी रेल्वेचे आरक्षण पाहावे, आणि गाडी ज्या दिवशी मिळेल त्या दिवसाभोवती मुक्काम ठरवावेत. तिकिटावर नाव पारपत्रात आहे तसेच, अक्षर न अक्षर असावे. ताश्कंदला उत्तर आणि दक्षिण अशी दोन मोठी स्थानके आहेत. आपली गाडी कोणत्या स्थानकावरून सुटते ते तिकिटावर वाचून घ्यावे आणि टॅक्सीवाल्याला ते निःसंदिग्धपणे सांगावे.

बुखाऱ्यात निवास जुन्या गावातच, ल्याबी-हौजच्या आसपास घ्यावा. सतराव्या शतकातला हा दगडी पायऱ्यांचा तलाव आणि त्याच्या काठची जुनी तुतीची झाडे हे गावाचे बसण्याचे ठिकाण आहे. एके काळी बुखाऱ्यात असे पुष्कळ हौद होते आणि गाव त्यांचेच पाणी पीत असे. त्या पाण्यातून रोग पसरत म्हणून सोव्हिएत काळात त्यांपैकी बहुतेक बुजवले गेले. येथून कल्याण मिनार चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ११२७ साली बांधलेला हा विटांचा मिनार पंचेचाळीस मीटरांहून उंच आहे, आणि त्याच्यावरचे पट्टे एकेक करून वर वर पाहत गेले तर विटांच्या नक्षीत सतत होत जाणारा बदल लक्षात येतो. रंगाचा आधार जवळजवळ नाही, जे काही आहे ते विटेच्या मांडणीतून साधले आहे. सामानी घराण्याची समाधी मात्र सकाळी लवकर पाहावी. दहाव्या शतकाच्या सुमाराची ही छोटी चौकोनी वास्तू आहे. ऊन तिरपे असताना तिच्या भिंती वेताची टोपली विणावी तशा उठून दिसतात, आणि ऊन डोक्यावर आले की तेच विणकाम सपाट होऊन जाते. दुपारी बारा वाजता बसमधून उतरून दहा मिनिटांत ती ‘पाहून’ जाणाऱ्या मंडळींबद्दल मला खरोखर वाईट वाटते. जुन्या गावातील बरीच हॉटेले पूर्वीच्या व्यापाऱ्यांच्या वाड्यांत आहेत. त्यांचे जिने उभे आणि अरुंद असतात, म्हणून सासूबाईंसाठी तळमजल्यावरची खोली आधीच मागून ठेवावी.

समरकंदला तीन रात्री यासाठी की रेगिस्तान चौक एकदा दिवसा आणि एकदा संध्याकाळी पाहणे आवश्यक आहे. चौकाच्या तीन बाजूंना तीन मदरसे आहेत : उलुगबेगचा (१४१७–१४२०), शेर-दोर (१६१९–१६३६) आणि तिल्ला-कारी (१६४६–१६६०). मुलांना शेर-दोरच्या कमानीवरचे चित्र अवश्य दाखवावे. पांढऱ्या हरणामागे धावणारा वाघासारखा पट्टेदार सिंह आणि त्याच्या पाठीवर माणसाचा चेहरा असलेला सूर्य, अशा दोन जोड्या तेथे समोरासमोर आहेत. मदरशाच्या दारावर सजीवांचे चित्र असणे ही त्या काळी नेहमीची गोष्ट नव्हती, त्यामुळे ते अधिकच विशेष ठरते. शाह-इ-झिंदा या समाधींच्या गल्लीत निळ्या फरशीकामाचे सर्वांत नाजूक नमुने आहेत, परंतु आरंभीच एक उभा, लांबलचक जिना चढावा लागतो. सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास असेल तर त्यांची ती सकाळ बीबी खानूम मशीद आणि तिला लागून असलेला सियाब बाजार येथे सुखाची जाईल.

तिसऱ्या दिवशी शहरिसब्झ करायचे की नाही हे प्रकृती पाहून ठरवावे. तैमूरचे हे जन्मगाव. त्याच्या अक-सराय राजवाड्याच्या प्रवेशद्वाराचे दोन भग्न बुरूज एवढेच आता उभे आहे, पण तेवढ्यावरूनही मूळ वास्तूच्या आकाराची कल्पना येते. मात्र बुरुजांभोवतालची जुनी वस्ती पाडून तेथे प्रशस्त बाग केल्यामुळे युनेस्कोने २०१६ साली हे स्थळ धोक्यातील वारशाच्या यादीत टाकले, आणि तेथे गेल्यावर ती रिकामी जागा खटकते हे खरे. या सहलीचे मोठे आकर्षण म्हणजे वाट. समरकंदहून छोट्या गाडीने तख्ताकराचा खिंड ओलांडून जावे लागते, आणि डोंगर हवे असलेल्यांना ते तेथेच भेटू लागतात.

प्रश्न : आम्हा दोघांना डोंगर प्रिय आहेत आणि सह्याद्रीत आमची नियमित भटकंती असते. उझबेकिस्तानात पाहण्यासारखे डोंगर आहेत का? बर्फ कधी मिळेल? – एक वाचक, सातारा

उत्तर : डोंगर आहेत, आणि राजधानीपासून ते फार लांबही नाहीत. पश्चिम तिएनशान पर्वताच्या रांगा ताश्कंदच्या ईशान्येला येतात, आणि मोटारीने दीड-दोन तासांत आपण चिमगान परिसरात पोहोचतो. बृहत् चिमगान शिखराची उंची ३,३०९ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीएवढी. पायथ्याजवळ चारवाक हे धरणाचे विस्तीर्ण निळे जलाशय आहे. अमिरसोय येथे २०१९च्या डिसेंबरात सुरू झालेल्या पर्यटन केंद्रात बंदिस्त पाळण्यांचा रोपवे आहे, त्यामुळे ज्येष्ठांनाही उंचावर जाता येते. ज्यांना चालायचे आहे त्यांनी चिमगानच्या उतारांवर स्थानिक वाटाड्या घेऊन दिवसभराची भटकंती ठेवावी. या वाटांवर सह्याद्रीतल्यासारखी सावली मिळत नाही. उतार उघडे आणि मुरमाड आहेत, म्हणून पाणी भरपूर आणि बुटांची पकड चांगली असावी.

बर्फात खेळायचे असेल तर डिसेंबरच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंत जावे. फुले आणि हिरवे उतार हवे असतील तर एप्रिलचा शेवट ते मे उत्तम. दिवाळीच्या सुमारास पानगळीचे पिवळे-तांबडे रंग मिळतात आणि उंच शिखरांवर कधीकधी पहिला बर्फ दिसतो, पण त्याची खात्री धरून जाऊ नये. जून ते ऑगस्टमध्ये शहरांतील तापमान चाळीस अंशांच्या पुढे जाते. तेव्हा डोंगर सुखाचे असतात, पण समरकंद-बुखाऱ्याची दुपार सोसत नाही.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. डोंगर हाच आपल्या प्रवासाचा मुख्य हेतू असेल, तंबू ठोकून आठवडाभर चालायचे असेल, तर शेजारचा किरगिझस्तान निवडावा. तिएनशानची खरी उंची आणि विस्तार तेथे आहे. उझबेकिस्तान शहरांसाठी निवडावा आणि डोंगरांना त्यात दोन दिवस द्यावेत.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत, घरातील दोघे कांदा-लसूणही खात नाहीत. तेथे आमचे कसे होईल? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : शाकाहारी माणूस तेथे उपाशी राहत नाही, परंतु सावध राहावे लागते. पलोव्ह हा तेथील मुख्य भात मांसाबरोबरच शिजतो, त्यामुळे वरचे तुकडे बाजूला काढून तो शाकाहारी होत नाही. भोपळ्याचा सामसा भट्टीतून गरमागरम निघतो आणि चवीला फार छान असतो, पण त्याच्या सारणातही काही ठिकाणी मेंढीची चरबी घालतात, म्हणून दर वेळी विचारावे. मांस नको हे सांगण्यासाठी ‘गोश्तसिझ’ एवढे म्हटले तरी समजते, पण चरबीविषयी वेगळी चौकशी करावी लागते. टोमॅटो-कांद्याची अचिचुक कोशिंबीर, घट्ट दही, भोपळ्याचे किंवा बटाट्याचे सारण भरून उकडलेले मांती, सुका मेवा आणि हिरवा चहा सर्वत्र मिळतो. दिवाळीच्या दिवसांत बाजार डाळिंबांनी आणि द्राक्षांनी भरलेले असतात.

पोटाला आधार मात्र रोटीचा. समरकंदची रोटी जाड, गोल आणि तुकतुकीत असते. चेकिच नावाच्या खिळ्यांच्या शिक्क्याने तिच्या मध्यभागी टोचून नक्षी उमटवतात, म्हणजे मधला भाग फुगत नाही आणि कडा मात्र फुलून येतात. मग ती तंदूरच्या भिंतीला चिकटवून भाजतात. ही रोटी कित्येक दिवस टिकते, त्यामुळे रेल्वेच्या प्रवासाला फार सोयीची. तेथील लोक रोटी जमिनीवर किंवा उलटी ठेवत नाहीत, आपणही तो मान राखावा.

ताश्कंद आणि समरकंदमध्ये भारतीय उपाहारगृहे आहेत. वैद्यकीय शिक्षणासाठी तेथे आपले बरेच विद्यार्थी राहतात, त्यामुळे वरण-भाताची सोय होते. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी मात्र दशम्या, मेतकूट, भाजणी आणि छोटी विजेची किटली बरोबर न्यावी. डोंगरातल्या मुक्कामी याची खरी गरज लागते.

प्रश्न : तैमूरने दिल्ली लुटली आणि तेथे कत्तल केली. त्याची कबर मोठ्या आदराने दाखवली जाते. आपण ती का पाहावी? – एक वाचक, पुणे

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे, आणि तो मनात घेऊनच तेथे जावे असे मी म्हणेन. १३९८च्या डिसेंबरातील दिल्लीचा संहार विसरण्याचे काही कारण नाही. उझबेकिस्तानाने स्वातंत्र्यानंतर तैमूरला राष्ट्रपुरुष मानले, त्यामुळे तेथील मार्गदर्शक त्याच्याविषयी गौरवानेच बोलतो. परंतु समरकंदच्या दगड-विटांत आपल्या लोकांचेही हात आहेत. दिल्लीहून तैमूरने गवंडी आणि पाथरवट धरून नेले होते, आणि १३९९ साली सुरू झालेल्या मोठ्या मशिदीच्या, म्हणजे आजच्या बीबी खानूमच्या, बांधकामावर त्यांना आणि हिंदुस्थानातून नेलेल्या हत्तींना राबवले. ती मशीद पाहताना मला तैमूरपेक्षा त्या नाव नसलेल्या कारागिरांची आठवण अधिक येते.

गूर-ए-अमीर ही वास्तू मुळात तैमूरच्या नातवासाठी उभारली गेली. तेथे गडद हिरव्या दगडाखाली तैमूर आहे, आणि त्याच घुमटाखाली त्याचा दुसरा नातू उलुगबेगही आहे. हा उलुगबेग राजा असूनही खगोलशास्त्रज्ञ होता. त्याच्या वेधशाळेने १,०१८ ताऱ्यांची सूची तयार केली, आणि पुढे जंतरमंतर उभारणाऱ्या सवाई जयसिंहाने आपल्या खगोलीय कोष्टकांसाठी त्याच परंपरेचा आधार घेतला. वेधशाळेतील मोठ्या वेधयंत्राचा जमिनीखालचा वक्र भाग १९०८ साली उत्खननात सापडला आणि तो आजही पाहता येतो. जंतरमंतर पाहिलेल्या माणसाला तेथे परके वाटणार नाही. कबरीपुढे वेळ घालवायचा नसेल तर तो येथे द्यावा. ताश्कंदला गेल्यावर लालबहादूर शास्त्रींच्या अर्धपुतळ्यापाशीही थांबावे. १० जानेवारी १९६६ रोजी करारावर सही करून त्याच रात्री, ११ तारखेच्या पहाटे, त्यांनी त्या शहरात देह ठेवला.

प्रश्न : व्हिसा, पैसे आणि औषधे यांबाबत काय काळजी घ्यावी? – एक वाचक, ठाणे

उत्तर : भारतीयांना ई-व्हिसा मिळतो. अर्ज केवळ सरकारी संकेतस्थळावरून करावा आणि प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी करावा. प्रत्येक हॉटेल मुक्कामाची नोंद करते, तिची चिठ्ठी किंवा पावती देश सोडेपर्यंत जपून ठेवावी. डॉलरच्या नोटा कोऱ्या, न दुमडलेल्या न्याव्यात, कारण मळक्या नोटा बदलून देताना कुरकुर होते.

औषधांबाबत मात्र हयगय करू नये. झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके यांवर तेथे कडक निर्बंध आहेत, आणि आपल्याकडे सहज लिहून दिली जाणारी गोळी सीमाशुल्क तपासणीत अडचणीची ठरू शकते. अशी औषधे शक्य तर नेऊच नयेत. डॉक्टरांना पर्याय विचारावा. जी औषधे अपरिहार्य आहेत ती मूळ वेष्टनात, लागतील तेवढीच न्यावीत, आणि औषधाचे रासायनिक नाव इंग्रजीत लिहिलेली, डॉक्टरांची सही-शिक्का असलेली चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवावी. घरातील ज्येष्ठांच्या गोळ्यांचे डबे भरताना वेष्टने फेकून देण्याची आपली सवय असते. या प्रवासापुरती ती बाजूला ठेवून पट्ट्या आहेत तशाच न्याव्यात.