मोहोळं वाचवण्याच्या कामात करिअर होईल का?

प्रश्न : आम्ही ऐरोलीत राहतो. मुलगा बारावी सायन्सला आहे. सोसायटीच्या मीटर बॉक्समधलं मोहोळ पेस्ट कंट्रोलवाले मारणार होते. त्याने एका मधपाळाला बोलावून ते जिवंत हलवायला लावलं. तेव्हापासून ‘मला हेच करायचंय’ म्हणतो. त्याच्या बाबांना ही नुसती हौस वाटते. यात पोट भरेल का? – एक आई

उत्तर : ताई, सोसायटीच्या कमिटीला थांबवून बारावीतला मुलगा माहीतगार माणूस शोधून आणतो, ही साधी गोष्ट नाही. पण बाबांची काळजीही खरी आहे. निव्वळ मोहोळं हलवून ठाणे-नवी मुंबईत घर चालेल, असं मी म्हणणार नाही. हे काम हंगामी, आणि पुष्कळांना ते समाजसेवा म्हणून फुकटात हवं असतं.

तुमच्या मीटर बॉक्समधल्या माशा बहुधा सातेरी असणार. सातेरी अंधाऱ्या पोकळीत शेजारी शेजारी अनेक पोळी बांधते, म्हणून ती मधपाळाच्या लाकडी पेटीत नांदते. मोहोळ हलवताना अंडी-अळ्यांची पोळी अलगद कापायची, वरची बाजू वरच ठेवून पेटीतल्या चौकटीला दोऱ्याने बांधायची. राणीमाशी पेटीत आली की कामकरी माशा मागोमाग येतात. मग अंधार पडेपर्यंत थांबायचं, कारण चरायला गेलेल्या माशा तोवर परततात. पेटी तिथेच पलीकडच्या कोपऱ्यात ठेवली तर त्या जुन्या जागीच घिरट्या घालतात, म्हणून ती काही किलोमीटर लांब न्यावी लागते. मुलाला हे सगळं संपेपर्यंत थांबावंसं वाटलं का, हे त्याला जरूर विचारा. मला त्यावरून बरंच कळेल.

घोडबंदर रोडच्या टॉवरांना छज्जाखाली लोंबतं ते एकच मोठं पोळं मात्र आग्या माशांचं. त्या उघड्यावरच राहतात, पेटीत टिकत नाहीत, आणि चवताळल्या तर माणसाचा जीव घेऊ शकतात. हंगाम सरला की त्या आपणहून स्थलांतर करतात. तोवर लोकांना धीर धरायला लावणं, हेच तिथलं खरं काम. शिकून तयार होईपर्यंत मुलाने आग्याच्या वाटेला जाऊ नये, हे मी निक्षून सांगते.

शिक्षणाचं म्हणाल तर ठाण्यात राहून झूलॉजीत बी.एस्सी. करता येईल, पण माझं मत बी.एस्सी. अ‍ॅग्रीच्या बाजूने आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा विचार करा, पुढे कीटकशास्त्रात एम.एस्सी. मग संशोधन, कृषी विज्ञान केंद्र, कृषी विभागाच्या परीक्षा हे रस्ते खुले होतात. स्वतःचा व्यवसायही करता येतो : मध, माशांच्या वसाहतींची विक्री, परागीभवनासाठी शेतकऱ्यांना भाड्याने पेट्या. सोसायट्यांची कामं मग या जोडीला, आणि तीही रीतसर फी घेऊन.

त्यामुळे आत्ता सीईटीचा अभ्यास आधी. परीक्षा संपल्यावर पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत किंवा महाबळेश्वरच्या मध संचालनालयात प्रशिक्षणाच्या तारखा विचारा. त्याआधी डॉक्टरांना भेटून, त्याला डंखाची अ‍ॅलर्जी नाही ना, एवढं पाहून घ्या. बाबांना जमलं तर प्रशिक्षणाला त्यांनीही सोबत जावं.