वाचकांचे प्रश्न : एन-९५ घालूनही चष्म्यावर वाफ का धरते?

प्रश्न : मी जिल्हा पातळीवरच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. कोविडच्या लाटेत आम्हाला एकच एन-९५ मास्क कितीतरी दिवस पुरवून वापरावा लागे आणि आमच्यातल्या काही जणी तो सॅनिटायझर मारून उन्हात वाळवत असत. आता पुढच्या साथीची तयारी म्हणून नवा साठा आला आहे, पण सगळे मास्क एकाच आकाराचे आहेत. माझा चेहरा लहान असल्याने मास्क घातला की चष्म्यावर वाफ धरते. वरून सर्जिकल मास्क बांधला तर चालेल का?
– एक परिचारिका

उत्तर : वरून सर्जिकल मास्क बांधून ही अडचण सुटणार नाही. चष्म्यावर वाफ धरते, याचा अर्थ नाकाच्या कडेने हवा निसटते आहे. आणि जिथून उच्छ्वास बाहेर पडतो, तिथूनच वॉर्डातली हवा न गाळता आत येऊ शकते. सर्जिकल मास्क मुळातच सैल असतो. तो शिंतोडे अडवतो, खालच्या मास्कची फट बुजवण्यासाठी तो बनवलेला नाही.

एन-९५ मधला ९५ हा आकडा गाळणीचा आहे. गाळायला सर्वांत अवघड अशा सुमारे ०.३ मायक्रॉन आकाराच्या कणांपैकी किमान ९५ टक्के कण ती अडवते की नाही, हे प्रयोगशाळेत मास्कच्या कडा पक्क्या बंद करून तपासतात. हे काम पॉलिप्रॉपिलीनच्या अतिसूक्ष्म तंतूंचा थर करतो. त्या तंतूंवर स्थिर विद्युतभार दिलेला असल्यामुळे कण त्यांच्याकडे ओढले जातात आणि श्वासही फारसा कोंडत नाही. अल्कोहोलने हा विद्युतभार निघून जातो. त्यामुळे सॅनिटायझर मारलेला मास्क दिसायला जसाच्या तसा राहतो, पण त्याची गाळण्याची शक्ती बरीच घटलेली असते. यात आपला दोष नाही, कारण हे सांगण्याची जबाबदारी मास्क पुरवणाऱ्यांची होती. तुटवडाच पडला तर प्रत्येकीला ५ मास्क देऊन, वापरलेला मास्क कागदी पिशवीत किमान ५ दिवस ठेवून आळीपाळीने वापरावा, असा मार्ग अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेने कोविडकाळात सुचवला होता.

आपल्याला खरी गरज आहे ती फिट टेस्टची, म्हणजे मास्क चेहऱ्याला फट न राहता बसतो की नाही हे पाहणाऱ्या चाचणीची. डोक्यावर टोपासारखे आवरण घालून त्यात सॅकरिनच्या गोड किंवा बिट्रेक्सच्या कडू द्रावणाचा फवारा सोडतात. आधी मास्कशिवाय चव कळते का, हे पाहतात. मग मास्क घालून मान वळवायला, वाकायला, मोठ्याने वाचायला सांगतात. चव लागली तर तो मास्क आपल्यासाठी नाही, दुसरा आकार किंवा दुसरी घडण पाहावी. शिवाय रोज मास्क चढवताना वरचा पट्टा डोक्याच्या मागे उंचावर आणि खालचा कानांखालून मानेवर घ्यावा, नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवावी, आणि जोराने उच्छ्वास सोडून कडेने झुळूक लागते का, ते पाहावे.

ही चाचणी साथ येण्याआधीच व्हायला हवी. २००३ मध्ये सार्स या श्वसनरोगाच्या साथीत कॅनडातील ओंटारिओ प्रांतात दोन परिचारिका आणि एक डॉक्टर मृत्युमुखी पडले. न्यायमूर्ती आर्ची कॅम्पबेल यांच्या चौकशी आयोगाला दिसले की, फिट टेस्ट कायद्याने बंधनकारक असूनही अनेक कर्मचाऱ्यांची ती झालीच नव्हती. धोका कमी करण्यासाठी शास्त्रीय खात्री पटेपर्यंत थांबू नये, असे या आयोगाने बजावले होते. तरीही मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविड हवेतून पसरत नाही, असे ठामपणे जाहीर केले, आणि ही भूमिका पुरती बदलायला पुढे वर्षाहून अधिक काळ गेला. माझ्या मते त्या विलंबाची किंमत वॉर्डात उभ्या असलेल्यांनी मोजली. म्हणून आपण रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रण समितीकडे फिट टेस्टची आणि निरनिराळ्या आकारांच्या मास्कची लेखी मागणी करावी. एकटीने न करता सगळ्या परिचारिकांच्या सह्यांनिशी करावी.

प्रश्न : धार्मिक कारणाने दाढी ठेवणाऱ्या डॉक्टरांनी काय करावे?
– एक वैद्यकीय विद्यार्थी

उत्तर : मास्कची कड जिथे टेकते तिथे केस असतील तर फट राहतेच. बॅटरीवरच्या पंख्याने गाळलेली हवा पुरवणारा सैल टोप, म्हणजे पीएपीआर, हा उत्तम पर्याय आहे. मात्र तो महाग असतो. ब्रिटनमधील शीख डॉक्टरांनी दाढीवर लवचीक पट्टी घट्ट बांधून त्यावर मास्क बसवण्याची पद्धत वापरली आहे, पण तसा मास्कही फिट टेस्टला उतरल्यावाचून वॉर्डात घालू नये.