वाचकांचे प्रश्न : दिवाळी, फराळ आणि कृतज्ञतेची वही

प्रश्न : मी नोकरी करते. आमचे एकत्र कुटुंब असून दिवाळीचा फराळ, साफसफाई आणि पाहुण्यांची सरबराई यांचा बहुतेक भार सासूबाईंवर आणि माझ्यावर असतो. यंदा नणंदेने घरातील प्रत्येकाला एक वही दिली आहे. वसुबारसेपासून भाऊबिजेपर्यंत रोज रात्री, ज्यांबद्दल कृतज्ञता वाटते अशा पाच गोष्टी लिहायच्या आणि सर्वांसमोर वाचायच्या, असे तिने सुचवले आहे. तिचा हेतू चांगलाच आहे. पण दिवसभर चकल्या तळून झाल्यावर ‘मला इतके छान कुटुंब लाभले’ असे लिहिणे मला खोटे वाटेल. माझे काही चुकते आहे का?
— एक वाचक भगिनी, ठाणे

उत्तर : तुमचे काही चुकत नाही आणि नणंदेची कल्पनाही निराधार नाही. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दहा आठवडे अशा नोंदी ठेवणारे लोक, रोजचे त्रास नोंदवणाऱ्यांपेक्षा आपल्या आयुष्याबद्दल अधिक समाधानी आढळले. मात्र त्या नोंदी आठवड्यातून एकदा करायच्या होत्या. पुढे सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात तर आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांनाच लाभ झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. तेव्हा सणाच्या धांदलीत रोज पाच नोंदींचा आग्रह नको. सगळ्या दिवाळीत मिळून एकच नोंद झाली तरी पुरे, आणि ती सर्वांसमोर वाचण्याची सक्ती तर मुळीच नको. वडीलधाऱ्यांच्या देखत वाचायचे म्हटले की माणूस त्यांना आवडेल तेच लिहितो.

‘छान कुटुंब लाभले’ हे वाक्य तुम्हाला खोटे वाटते, कारण ते कोणालाच उद्देशून नाही. त्याऐवजी, आपण कार्यालयातून थकून येण्यापूर्वी सासूबाईंनी शंकरपाळ्यांचे पीठ मळून ठेवले होते, हे लिहून पाहा. किंवा लिहूच नका, स्वयंपाकघरात त्यांनाच सांगा. आपल्याकडे घरातल्या माणसाचे आभार मानणे परकेपणाचे समजले जाते आणि त्यामुळे जीभ अडखळते, हे खरे आहे. परंतु अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांच्या २०१८ मधील अभ्यासात असे दिसले की, आभाराचे पत्र लिहिणारे लोक समोरच्याला होणारा संकोच वाजवीपेक्षा अधिक धरतात आणि त्याला होणारा आनंद कमी लेखतात. हे प्रयोग अमेरिकेतले असले, तरी आपल्या घरांत हा गैरसमज अधिकच असावा, असे मला वाटते.

तुमच्या प्रश्नाचा गाभा मात्र वहीत नसून कामाच्या वाटणीत आहे, आणि त्याचे उत्तर दिवाळीच्या पहिल्याच दिवसात सापडते. वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते आणि अनेक घरांत त्याच दिवशी दूध-तूप वर्ज्य असते. जिच्यामुळे वर्षभर दूधदुभते मिळते, तिला नुसता नमस्कार करून भागत नाही; एक दिवस का होईना, तिच्याकडून काही घ्यायचे नाही, असा या रिवाजाचा मला लागलेला अर्थ आहे. हाच न्याय घरातल्या माणसांना लावला, तर ज्यांच्या हातचा फराळ वर्षानुवर्षे खाल्ला त्यांचे काम आपण उचलणे, ही वहीतल्या पाच ओळींपेक्षा मोठी कृतज्ञता ठरेल. म्हणून फराळाला हात लावण्यापूर्वी सर्वांनी एकत्र बसून कोण काय करणार, हे ठरवावे. (चकलीचा सोऱ्या फिरवायला मनगटात जोर लागतो; हे काम घरातल्या तरुण मुलांकडे कधीच जायला हवे होते.) दोन पदार्थ बचत गटाकडून मागवल्याने सणात उणे येत नाही. कृतज्ञ राहायचे म्हणजे तक्रार गिळायची, असा अर्थ घरात कोणी काढत असेल, तर तो शांतपणे पण स्पष्टपणे नाकारावा. सासूबाई या बाबतीत तुमच्याच बाजूच्या असण्याची शक्यता अधिक आहे, तेव्हा आधी त्यांच्याशी बोला.

प्रश्न : श्रावणात माझे वडील गेले. ‘जे आहे त्यात समाधान मान, सणासुदीला रडू नकोस’, असे नातेवाईक सांगतात. मला कृतज्ञता वाटतच नाही. काय करावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : यंदा काहीही करू नये, असे म्हटले तरी चालेल. दुःखात असलेल्या माणसाला कृतज्ञतेचा उपदेश करणारे बहुधा स्वतःची अस्वस्थता टाळत असतात. ज्या घरात दुःख झाले तेथे पहिल्या वर्षी फराळ करत नाहीत आणि शेजारी-नातेवाईक आपापल्या घरचा डबा आणून देतात, ही आपल्याकडची रीत मला फार समंजस वाटते, कारण तीत घेणाऱ्याने हसतमुख असावे अशी अट नसते. आलेला डबा घ्यावा, आणणाऱ्याला दोन मिनिटे बसवून घ्यावे आणि बोलणे निघाले तर वडिलांविषयी बोलावे. आजारपणात कोणी विशेष धावपळ केली असेल, तर त्या व्यक्तीला पत्र लिहावेसे पुढे कधी तरी वाटेल. ते पाडव्याला लिहिले काय किंवा चैत्रात लिहिले काय, सारखेच. डबा रिकामा परत करू नये, हा संकेतही यंदा मोडला तर कोणी मनाला लावून घेणार नाही.