पावणेचार लाखांची जुनी मोटरबोट घ्यावी का?

प्रश्न : आम्ही नाशिकला इंदिरानगरात राहतो. मी अंबडच्या एका कारखान्यात आहे, पत्नी शिक्षिका. मुलगी 12 वर्षांची, मुलगा 8 वर्षांचा. दोघांचा मिळून हातात येणारा पगार 1,35,000. त्यातून गृहकर्जाचा हप्ता 32,000, घरखर्च 48,000, एसआयपी 20,000, विमा आणि शाळेचे 15,000 जातात, 20,000 उरतात. एफडी 5 लाखांची आहे. अलिबागजवळ एक 16 वर्षं जुनी, 17 फुटी फायबरची बोट विकायला आहे. मागे 40 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड इंजिन, सोबत ट्रेलर, मागणी 3,75,000. एफडी मोडून बोट घ्यावी आणि देखभालीसाठी वर्षभर एसआयपी थांबवावी, असं मनात आहे. जमलं तर बोट गंगापूर धरणावर ठेवू, नाहीतर अलिबागलाच राहू देऊ. पत्नी विचारते, वर्षातून किती वेळा जाणार? मला मात्र मुलं मोठी होण्याआधी हे करायचं आहे.

उत्तर : या पैशातून, या वर्षी, ही बोट घेऊ नका. मुलांना पाण्यावर न्यायची तुमची इच्छा मात्र मला पूर्ण पटते, म्हणून नुसतं नाही म्हणून थांबत नाही. मुलगी 12 वर्षांची आहे. तिची दहावी यायला थोडीच वर्षं उरली आहेत, आणि त्यानंतर घरचे शनिवार-रविवार क्लासच्या वेळापत्रकावर चालतील. तुमची घाई खरी आहे. पण त्या घाईवर उपाय म्हणून बोटीची मालकीच हवी का, हे आधी पाहू.

सुरुवात पाण्यापासून करू. बोट कुठे तरंगणार हे ठरल्याशिवाय तिची किंमत योग्य की अयोग्य, हे सांगता येत नाही.

गंगापूर धरणाचा विचार मनातून काढून टाका. जलाशय जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहे आणि तिथे खासगी मोटरबोट परवानगीशिवाय उतरवता येत नाही. नाशिक शहर पितं ते पाणी मुख्यतः याच धरणातलं. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइल जळतं आणि त्यातला काही भाग न जळताच धुरावाटे पाण्यात जातो. अशा इंजिनाला तिथे परवानगी मिळेल, या भरवशावर पावणेचार लाख लावू नयेत. शिवाय धरण भरतं पावसाळ्यात आणि मुलांच्या सुट्ट्या मे महिन्यात, तेव्हा पाणी खाली गेलेलं असतं. नांदूर मधमेश्वरचं नाव तुम्ही घेतलेलं नाही, तरी कुणी सुचवलं तर सांगून ठेवतो : ते पक्षी अभयारण्य आहे, 2020 मध्ये रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण. तिथे मोटरबोटीचा विषयच नाही.

म्हणजे उरलं अलिबाग. नाशिकहून दोनशेच्या वर किलोमीटर, कसारा घाट उतरून. ट्रेलरवर बोट घालून ये-जा करायचं मनात असेल, तर मोटार वाहन कायद्यानं ट्रेलर हेही वाहनच आहे. त्याचे आरटीओचे कागद आहेत का आणि तुमची गाडी तेवढं वजन घाटात ब्रेकसकट सांभाळेल का, हे आधी पाहावं लागेल. मला विचाराल तर कुटुंब गाडीत असताना मागे बोट बांधून कसारा उतरू नये. बोट तिथेच ठेवायची, तर जागेचं भाडं आणि राखणदार आलाच. हंगामही आखूड आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, पावसाळ्यात गेटवे ते मांडवा लाँचसुद्धा बंद राहतात. छोट्या बोटीसाठी खरे महिने ऑक्टोबर ते मे, आणि त्यातही मार्च परीक्षेचा.

आता आकडे. खालचे अंदाज माझे आहेत, जागेनुसार थोडे इकडेतिकडे होतील, पण मी ते मुद्दाम फुगवलेले नाहीत. जागा आणि राखण महिन्याला 3,000 म्हणजे वर्षाला 36,000. इंजिनाची सर्व्हिसिंग, गिअर ऑइल, प्लग, पाण्याच्या पंपाचा इंपेलर, कार्बोरेटरची सफाई मिळून 20,000. बोटीचं बूड खरवडणं, रंग, फायबरची डागडुजी, खाऱ्या पाण्यात इंजिनाऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे तुकडे बदलणं, आणखी 20,000. विमा, नोंदणी, तपासणी 15,000. अचानक निघणाऱ्या कामांसाठी 35,000. सोळा वर्षांच्या बोटीला ही रक्कम लागणारच, फक्त कुठल्या महिन्यात ते माहीत नसतं. बेरीज 1,26,000. बोट पाण्यात न उतरवताही हा खर्च आहे.

पाण्यात उतरवली की पेट्रोल. 40 हॉर्सपॉवरचं आऊटबोर्ड पूर्ण वेगात तासाला 15 लिटरच्या आसपास पितं, जुनं टू-स्ट्रोक त्याहून जास्त. तुम्ही पूर्ण वेगात जाणार नाही असं धरून तासाला 12 लिटर घेऊ. तीन तासांच्या फेरीला 36 लिटर, वर ऑइल; म्हणजे फेरीमागे 4,000.

अलिबागला बोट भाड्यानं घेतली, चालवणारा तांडेल त्यांचाच, आणि एका फेरीला 8,000 गेले असं समजा. स्वतःच्या बोटीत फेरीमागे 4,000 वाचतात. वर्षाचा ठरलेला खर्च 1,26,000. भागाकार करा : वर्षाला 32 फेऱ्या झाल्या, तर स्वतःची बोट भाड्याच्या बोटीच्या बरोबरीला येते, तीसुद्धा 3,75,000 ही खरेदीची रक्कम पूर्ण विसरून. ऑक्टोबर ते मे या काळात जेमतेम 35 शनिवार-रविवार मिळतात. त्यातून दिवाळी, लग्नसराई, परीक्षा, आजारपणं वजा करा. वहिनींनी विचारलेला प्रश्न या सगळ्या व्यवहाराचा गाभा आहे आणि त्याचं प्रामाणिक उत्तर वर्षाला दहाच्या आसपास असं असेल. दहा फेऱ्यांना स्वतःची बोट 1,66,000 घेते, भाड्याची 80,000. नाशिक-अलिबाग प्रवास आणि एक मुक्काम मिळून फेरीला 10,000 धरले, तर दोन्हीकडे आणखी एक लाख. स्वतःच्या बोटीचा एकूण आकडा 2,66,000, म्हणजे महिन्याला 22,000 च्या वर. तुमच्याकडे उरतात 20,000.

एफडीबद्दल मी ठाम आहे. हप्ता आणि घरखर्च मिळून तुमचे महिन्याचे 80,000 न चुकवता येणारे. सहा महिन्यांचे 4,80,000 होतात, आणि तुमची एफडी आहे 5 लाखांची. म्हणजे ती मोकळी बचत नव्हे, अडीअडचणीचा निधी आहे, आणि तुम्ही तो अगदी योग्य मापाचा ठेवला आहे. 3,75,000 काढले की दीड महिन्याची सोय उरते. कारखान्यात ले-ऑफ आला किंवा घरात मोठं आजारपण निघालं, तर पर्सनल लोन काढावं लागेल. जुनी बोट त्या दिवशी विकून पैसे उभे राहणार नाहीत. तिला गिऱ्हाईक मिळायला महिने जातात.

एसआयपी थांबवण्याचा हिशेबही मांडतो. वर्षभरात 2,40,000 जमा होणार नाहीत. मुलगी अठरा वर्षांची होईल तोवर, वर्षाला 10 टक्के परतावा धरला, तर त्यांचे 4 लाखांच्या वर झाले असते. परताव्याची हमी नाही हे मान्य, पण तिच्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाची फी मात्र नक्की येणार आहे. आणि देखभाल एका वर्षात संपत नाही. दुसऱ्या वर्षी तुम्ही पुन्हा याच ठिकाणी उभे असाल.

किंमत इतकी कमी का वाटते, तेही समजून घ्या. हौशी नौकांवर जीएसटी 28 टक्के होता, तो 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के झाला. नव्या बोटीचा आकडा ऐकून आलेल्या माणसाला पावणेचार लाख स्वस्तच वाटणार, आणि विकणाऱ्याला ते ठाऊक असतं. पण जुन्या बोटीची किंमत तिच्या इंजिनात आणि मागच्या फळीत असते, रंगात आणि गाद्यांत नाही.

मागची फळी म्हणजे ज्या भिंतीवर इंजिन टांगलेलं असतं ती. बाहेरून फायबर दिसतं, पण जुन्या बोटींत आत बहुतेक वेळा प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी मुरलं की ते आतून कुजतं आणि बाहेर काहीच दिसत नाही. लाकडी हातोडीनं ठोकत जा : निरोगी ठिकाणी खणखणीत आवाज येतो, कुजलेल्या ठिकाणी बद्द. इंजिनाचा खालचा भाग धरून वर-खाली जोर द्या, भिंत हलताना दिसली तर तिथूनच परत फिरा. बोटीच्या आतल्या जमिनीखाली तरंगण्यासाठी भरलेल्या फोममध्ये पाणी भरलेलं असण्याची शक्यताही असते. ते ओळखायची सोपी युक्ती म्हणजे ट्रेलरसकट वजनकाट्यावर न्यायचं, बोट उतरवून ट्रेलर पुन्हा तोलायचा आणि आलेला फरक बनवणाऱ्याने दिलेल्या वजनाशी ताडून पाहायचा. इंजिन व टाकीतलं पेट्रोल वजा केल्यावरही शंभर-दोनशे किलो जास्त भरले, तर ते बहुधा पाणी आहे.

इंजिन थंड असताना पोहोचा, आणि हे आधी सांगू नका. तुम्ही येण्यापूर्वीच ते तापवून ठेवलेलं असेल तर थंड इंजिन सुरू होताना काय त्रास देतं ते कळत नाही. सुरू झाल्यावर मागून पाण्याची सलग धार पडली पाहिजे, म्हणजे थंड ठेवणारा पंप चालू आहे. सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्या; एकमेकांत 10 टक्क्यांहून जास्त फरक नको. गिअर ऑइल दुधाळ निघालं तर सील गेलं आहे आणि आत पाणी शिरतं आहे. मग चौघं बसून, चौघांच्या वजनासह, खाडीत निदान तासभर फिरवा. इंजिन बदलायची वेळ आली, तर नव्याची किंमत या अख्ख्या बोटीच्या मागणीच्या आसपास जाईल. नाशिकमध्ये मोटरसायकलचा मेकॅनिक कुठेही भेटतो, आऊटबोर्ड उघडणारा सहज सापडत नाही.

पेट्रोलचाही एक मुद्दा आहे. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली आर्द्रता ओढतं, आणि तीन-तीन आठवडे उभ्या राहणाऱ्या बोटीच्या टाकीत पाणी-इथेनॉल तळाशी वेगळं होऊ शकतं. सोळा वर्षांपूर्वीच्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटर या इंधनासाठी बनलेले नाहीत. समुद्रात इंजिन बंद पडण्याचं हे अगदी साधं कारण आहे, आणि बोटीत तुमची मुलं असतील.

कागदांचं थोडक्यात. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानं खाडी-नदीत यंत्रावर चालणाऱ्या नौकेला नोंदणी, तपासणीचा दाखला आणि विमा लागतो. अलिबागच्या बाजूला नोंदीची चौकशी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात करा. बोटीवरचा आणि इंजिनावरचा क्रमांक कागदाशी जुळवा. नाव बदलून हातात येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका. ‘इथे कुणी कागद विचारत नाही’ असं ऐकू आलं, तर सौदा तिथेच सोडा; अपघात झाला की सगळ्यात आधी कागदच विचारले जातात.

मग करायचं काय? येत्या ऑक्टोबरपासून उरणाऱ्या 20,000 पैकी 15,000 वेगळ्या रिकरिंग खात्यात टाका. वर्षाला 1,80,000 होतील. बरोबर दहा फेऱ्यांचं भाडं आणि प्रवास. एसआयपी चालू, एफडी जशीच्या तशी. मुलांसाठी त्यांच्या मापाची, दोन पायांमधून पट्टा येणारी लाइफ जॅकेट स्वतःची विकत घ्या. भाड्याच्या बोटीत मोठ्यांच्या मापाची असतात आणि लहान मूल त्यातून निसटतं. प्रत्येक फेरीत तांडेलाशेजारी बसा, भरती-ओहोटी कशी बघतो, इंजिन कसं ऐकतो ते विचारत राहा. मुलीलाही बसवा. आणि गेलेल्या फेऱ्यांची तारीख वहीत लिहीत चला.

मे अखेर त्या वहीत ठरवलेल्या सगळ्या फेऱ्यांच्या तारखा दिसल्या, मुलं स्वतःहून ‘कधी जायचं’ विचारू लागली आणि वहिनींचाही होकार असला, तर मी तुम्हाला बोट घ्या म्हणेन. मग हिशेबात ती थोडी महाग पडली तरी चालेल, कारण ती वापरली जाणार हे दिसलेलं असेल. तेव्हा 14-15 फुटी लहान बोट बघा, इंजिन फोर-स्ट्रोक आणि शक्य तितकं नवं, बोटीचं अंग थोडं जुनं असलं तरी हरकत नाही. खरेदीची रक्कम वार्षिक बोनसमधून उभी करा, एफडीला हात न लावता, आणि त्या रकमेचा चौथा भाग पहिल्या सहा महिन्यांच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवून उरलेल्यातच सौदा बसवा.

सध्याच्या विक्रेत्याला मात्र आत्ता टोकन देऊ नका. त्याची बोट पुढच्या मेमध्येही तिथेच असेल, तर पावसाळ्यापूर्वी विकायची घाई त्याला असेल. वजनकाट्याची पावती, कॉम्प्रेशनचे आकडे आणि नोंदणीचा कागद घेऊन या. आपण तिची किंमत तेव्हा नव्यानं ठरवू.