औषधाचं फडताळ : काजऱ्याचं विष गोळीत असतं का?

प्रश्न : मावशी, नमस्कार. यजमानांना आम्लपित्ताचा त्रास आहे. होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी 'नक्स व्होमिका 30' दिलं. नंतर कळलं, की हे आमच्या कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) कडेला उभ्या असलेल्या काजऱ्यापासूनच करतात! त्याची फळं विषारी म्हणून सासूबाई मुलांना तिकडे फिरकूही देत नाहीत. गोळ्या बंद करू का? शेजारच्या काकी मात्र सांधेदुखीवर काजऱ्याच्या बीची पूड दुधातून घ्यायला सांगतात. आणि झाड ठेवावं की तोडावं? – एक वाचक, पेडणे

उत्तर : काकींचं आधी बघू, कारण खरा धोका तिथे आहे. ती पूड अजिबात घ्यायची नाही, चिमूटभरही नाही. काजऱ्याची बी तुम्ही पाहिली असेलच: कोटाच्या बटणासारखी चपटी, राखाडी, अंगावर रेशमी लव. अख्खी गिळली गेली तर कठीण सालीमुळे कधी कधी तशीच बाहेर पडते. कुटली की मात्र एक बीसुद्धा जीव घेऊ शकते. आतलं स्ट्रिक्निन हे विष मज्जारज्जूतला लगामच काढून घेतं. मग जबडा आवळतो, पाठ धनुष्यासारखी ताणते आणि दार आपटल्याच्या आवाजानेही झटका येतो. माणूस बहुधा पूर्ण शुद्धीवर असतो, हे सगळ्यात वाईट. असं काही झालं तर उलटी करवत बसू नका, थेट 108 ला फोन.

वैद्य कुचला देतात तो हाच काजरा, पण शोधन केलेला, म्हणजे शुद्ध केलेला. गोमूत्रात भिजवायचा, दुधात उकळायचा, साल आणि आतला अंकुर काढून टाकायचा, तुपात परतायचा. विषतिंदुक वटी, अग्नितुंडी वटी यांत तो असतो, आणि डब्यावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना असते. फोंड्याला माझं औषधाचं दुकान होतं, तेव्हा चिठ्ठी नसेल तर या गोळ्या मी ओळखीच्यांनाही देत नसे. पुष्कळ जण रुसले, रुसोत. बी सहाणेवर उगाळून गुडघ्याला लेप लावायची जुनी रीत आहे. तीही नकोच, निदान खरचटलेल्या कातडीवर तर मुळीच नाही.

आता यजमानांच्या गोळ्या. 30 म्हणजे मूळ अर्क दर वेळी शंभरपट पातळ करत तीस वेळा केलेली क्रिया. बाराव्या वेळेच्या आसपासच मूळ द्रव्याचा एखादा कण उरण्याची शक्यता संपते. तेव्हा त्या साबुदाण्यात काजऱ्याचं विष नाही. काजराही नाही, असं मी म्हणेन, आणि यावर माझे होमिओपॅथ मित्र अजून माझ्याशी भांडतात. त्यांच्या ग्रंथांत नक्सचा माणूस ठरलेला: जागरणं, चहावर चहा, तिखट, रात्रीची फेणी, पोट साफ नाही आणि सकाळी सगळ्यांवर खेकसणं. वर्णन झकास आहे, लग्नसराईत अर्धा गोवा त्यात बसेल! पण औषध म्हणून त्या गोळ्या साध्या साखरगोळीपेक्षा सरस ठरतात, असा भक्कम पुरावा नाही. उतार पडत असेल तर त्याचं श्रेय रात्रीच्या लवकर जेवणाला आणि फेणीच्या रजेला द्या. ते पाळलंय ना, ते आधी विचारा.

बाटलीवर 30 ऐवजी क्यू असेल तर मात्र तो मूळ अर्क. त्यात अल्कलॉइडं, म्हणजे स्ट्रिक्निनसारखी द्रव्यं असतात. मनाने थेंब वाढवायचे नाहीत आणि बाटली मुलांच्या हाती लागता कामा नये. गिळायला अडकणं, वजन घटणं, काळी शी यांतलं काही असेल तर गोळ्यांवर न थांबता पोटाच्या डॉक्टरांना दाखवा. छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला तर ते पित्त समजू नका.

झाड राहू दे. तोडायचं तरी गोव्यात 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते. शिवाय ती नारिंगी फळं धनेश पक्षी खातात, गर त्यांना बाधत नाही. हिवाळ्यात फळं पडली की हातमोजे घालून गोळा करा आणि खोल पुरा. मुलांना बिया बटणं म्हणून खेळायला आवडतात, तेवढं बघा. काकींना हे पत्र वाचून दाखवा. माझं नाव सांगितलंत तरी चालेल.